दोन पावलं मागं

रविराजदादांना पळायचा नाद लागला आणि नेकनूर भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच पुरुषांचे गुडघे कामातून गेले.

त्याआधी ते गुडघे फार चांगले होते असं नाही. पोटं सुटलेली होती, साखर वाढलेली होती, जिना चढताना कठडा धरावा लागत होता. पण हे सगळं बसल्या जागी चाललेलं असल्यामुळं कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. मग दादांना एका डॉक्टरनं सांगितलं, की रोज सकाळी पळा, नाहीतर पुढच्या खेपेला स्ट्रेचरवर या. दादा घाबरले. दादा घाबरले म्हटल्यावर त्यांच्या माणसांनाही घाबरणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दादा बीड रस्त्यानं पळायला निघाले तेव्हा त्यांच्या मागं डझनभर माणसं होती. निम्म्यांच्या पायात चपला होत्या, एकाच्या तोंडात गुटखा होता आणि एक जण मोटारसायकलवर बसून पळत होता.

तानाजी त्या डझनातला एक. वय पंचेचाळीस, अंगानं काडीसारखा. दादांच्या संस्थेच्या महाविद्यालयात तो प्रयोगशाळा परिचर होता. काचेची भांडी धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि दादांच्या सभेला हजर राहणं ही त्याची कामं. शेवटचं काम नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं नव्हतं, पण तेच चुकवून चालत नव्हतं. त्याची बायको रोहिणी त्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत सहा वर्षं शिकवत होती. तिला कायम करण्याच्या प्रस्तावावर दादांची सही व्हायची होती. सहा वर्षांत दादांना सही करायला वेळ मिळाला नव्हता. मिळणारही नव्हता, कारण सही झालेला माणूस पुढच्या सभेला येतोच असं नाही, हे दादांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तानाजी पळायचा.

या पळण्याचे नियम कुणी सांगितले नव्हते, पण पहिल्याच सकाळी ते सगळ्यांना पाठ झाले. दादांच्या गाड्यांच्या ताफ्यात जो क्रम, तोच रस्त्यावर. सगळ्यांत पुढं दादा. डाव्या खांद्याशी भागवत, जो दादांच्या जांभईआधी तोंड उघडतो असं लोक म्हणत. त्याच्या मागं ठेकेदार, ठेकेदारांच्या मागं संस्थेचे नोकर. भागवत दादांच्या दोन पावलं मागं आणि बाकीचे आपापल्या लायकीप्रमाणं त्याच्याही मागं.

अडचण होती ती दादांच्या वेगाची. त्या वेगात माणूस आरामात चालू शकतो. पण दादा पळत असताना आपण चालायचं, म्हणजे दादा पळत नाहीत असं चारचौघांत सांगण्यासारखं झालं. म्हणून सगळे उड्या मारत पुढं सरकायचे. ज्यानं हे करून पाहिलेलं नाही त्याला त्यातले कष्ट कळायचे नाहीत. पळताना अंगातली ताकद पुढं जाण्यात खर्ची पडावी अशी अपेक्षा असते. इथं ती सगळी वर जायची आणि तशीच खाली यायची. तानाजीला कधी कधी वाटायचं, आपली एकवीस वर्षांची नोकरीही याच हिशेबानं झालेली आहे.

रस्त्यात दादा थांबले की सगळे थांबायचे. दादा धापा टाकायला लागले की बाकीच्यांनी त्यांच्यापेक्षा मोठ्या धापा टाकायच्या. यात भागवतचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो थेट रस्त्याच्या कडेला बसकण मारायचा आणि कंबर धरून म्हणायचा, "दादा, आता बास करा. तुमचा स्टॅमिना तुमाला हाय, आमी गरिबांनी काय करावं?"

"सवय लागंल," दादा म्हणायचे. "मला तर काहीच न्हाई वाटलं."

दादांचा मोबाईल मात्र तानाजीच्या खिशात असायचा. दादांची पळायची विजार कमरेवर जेमतेम टिकायची, मोबाईलच्या वजनानं ती खाली येई. त्या मोबाईलमध्ये अंतर आणि वेग मोजायची सोय होती. दर किलोमीटरला त्यातली बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची आणि भागवत तिचा अर्थ सांगायचा. बाई काहीही बोलली तरी अर्थ एकच असायचा, कालच्यापेक्षा आज दादा जोरात आहेत.

यथावकाश दादांना शर्यतींची चटक लागली. जिल्ह्यात कुठंही तीन किंवा पाच किलोमीटरची दौड असली की दादा निघाले. दोन-तीन किलोमीटरच्या दौडीलाही आपल्याकडं मॅरेथॉनच म्हणतात, त्यामुळं बातमी छापून यायला अडचण येत नव्हती. पहिली सिरसाळ्याची. सकाळी सहाची वेळ दिलेली. शाल, नारळ, फेटे, दीपप्रज्वलन आणि व्यायामाचं महत्त्व सांगणारी पाच भाषणं होईपर्यंत ऊन चांगलं तापलं. चाळिशीवरच्या गटात विदर्भातून बदलून आलेला एक बँकेचा अधिकारी होता. माणूस सवयीचा पळणारा, गुडघ्यापर्यंतची तोकडी चड्डी घातलेला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो दादांच्या बरोबरीला आला तेव्हा भागवतनं, ज्याला एरवी कंबर धरून बसावं लागे, हरणासारखी उडी घेऊन त्याचं कोपर धरलं.

"सायब, गाव नवीन दिसतंय तुमाला."

"हो, मागच्या महिन्यात आलो."

"मग एवढी घाई कावून करायलाव? ऱ्हायचंय ना हितं?"

अधिकारी शहाणा होता. तो बुटाची नाडी बांधायला खाली बसला, आणि दादांनी शेवटची रेषा ओलांडेपर्यंत त्याला गाठ सापडली नाही.

दादा पहिले आले. तलवाड्यालाही पहिले आले. मग मात्र ते पूर्ण बिघडले. त्यांना वाटायला लागलं, हे खरंच आहे. महाविद्यालयात पोलीस भरतीच्या पोरांना बोलावून त्यांनी श्वास कसा घ्यावा यावर तासभर व्याख्यान दिलं. पोरं रोज पहाटे दादांच्या पाचपट पळून येत होती. ती मान खाली घालून ऐकत बसली. शेवटी दादा म्हणाले, "हे रक्तातच असावं लागतं." टाळ्यांमध्ये तानाजीच्याही टाळ्या होत्या.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका जवळ आल्या आणि दादा तिकिटासाठी मुंबईला गेले. आठवडाभर तरी येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा होता. डझनभरातलं एकही माणूस उठलं नाही. भागवत तर म्हणे दुपारी जेवायलाच उठला.

तानाजीला मात्र सवयीनं जाग आली. बूट होते, ते पायात घातले. फाट्यापाशी येऊन त्यानं उड्या मारायला सुरुवात केली, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पुढं कुणी नाही. मग उड्या कशासाठी? त्यानं पाऊल जरा लांब टाकलं. मग आणखी लांब. पहिल्या किलोमीटरला छातीत भाता चालल्यासारखं झालं, पोटऱ्या दगड झाल्या. आता थांबावं असं वाटत असतानाच एका ठिकाणी सगळं आपोआप जुळलं. श्वास पावलांच्या मोजणीत बसला, खांदे सैल पडले, आणि पाय हे आपण हलवतो आहोत की ते आपल्याला नेताहेत, हे कळेनासं झालं. कडेच्या बाभळींची खोडं मागं जात होती. दादांच्या मागं पळताना ती बिचारी कधी हललीच नव्हती.

घरी आला तेव्हा घामानं ओला झालेला मुलगा बघून आई, भिवराबाई, दारातच उठून उभी राहिली.

"काय झालं रे? कुणी गेलं का?"

"न्हाई माय. पळून आलो."

"बैल सुटला का कुणाचा?"

"न्हाई. उगंच पळालो."

म्हातारीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "दादा गेलेत ना मुंबईला? मग दाखवायचं कुणाला व्हतं?"

तानाजीनं बूट काढून उन्हात ठेवले. तो आठवडाभर रोज गेला. आणि आठवड्याच्या शेवटी त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. प्रयोगशाळेत सरांनी हजारो पोरांना एकच वाक्य ऐकवलेलं त्यानं पाहिलं होतं, की अंदाजानं लिहू नका, मोजून लिहा. मग आपण नक्की किती पळतो? चार माणसांत सोडलं तर कितवे येऊ? पहिले येऊ असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. पंचविसावे आलो तरी चालेल, पण तो पंचविसावा आपला स्वतःचा असावा. एकदा, एकाच शर्यतीत, छातीवर नंबर लावून आपल्या वेगानं पळायचं. बस्स.

रोहिणीला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"कोणत्या शर्यतीत?"

"तेच ना. जिल्ह्यात जिथं शर्यत, तिथं दादा."

"मग त्यांच्या पुढं जाणार तुम्ही?"

"न्हाई, तसं न्हाई..."

"तसंच हाय ते. माझ्यासोबतच्या दोघी कायम होऊन पगारवाढ घ्यायला लागल्या. माझा कागद अजून दादांच्या टेबलावर हाय. आधी माझी सही होऊ द्या. मग पळत पळत पार बीडला जा, मी डबा घेऊन येते मागं."

बोलणं बिनतोड होतं. तानाजीनं ताट पुढं ओढलं. दादा मुंबईहून तिकीट घेऊन परतले, आणि तो पुन्हा भागवतच्या मागं उड्या मारू लागला.

दादांचा पन्नासावा वाढदिवस आला. वाढदिवसाला आरोग्य दौड ठेवली होती. नेकनूरहून निघायचं, अडीच किलोमीटरवरच्या वळणाला फेरा घालून परत यायचं. आलेल्या प्रत्येकाला दादांचं चित्र छापलेला बनियन वाटला. चित्र पाठीवर मोठं आणि छातीवर लहान, म्हणजे मागच्या माणसाला सतत दादा दिसत राहावेत. स्वतः दादांनीही तोच घातला होता. तरुणांचा गट आधी सोडून दिला, म्हणजे ती ब्याद लवकर संपावी. मग तलवारीनं केक कापला. प्रत्येक कार्यकर्त्यानं दादांना आपल्या हातानं घास भरवला, आणि कार्यकर्ते काही थोडेथोडके नव्हते. अर्धा किलो तरी मलई पोटात घेऊन दादा चाळिशीवरच्या गटाच्या पुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या मागं शे-सव्वाशे माणसं. झेंडा पडला.

त्या दिवशी दादा नेहमीच्या वेगाच्याही खाली गेले. पहिल्या किलोमीटरला मोबाईलमधली बाई बोलली तेव्हा भागवतलाही अर्थ सुचेना. उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागावी आणि तिच्या मागं सगळ्या गाड्या तुंबाव्यात, तसा गट तुंबला. लोक उड्या मारत होते, पण उड्यांनाही जागा राहिली नव्हती.

एवढ्यात मागून मेंढरं आली. मेंढरं वळणारी दगडाबाई खांद्यावर काठी आडवी टाकून चालली होती, निव्वळ चालली होती, आणि तिनं एवढ्या माणसांना गाठलं.

"बाजूला व्हा की रं!" ती ओरडली. "कुणाला पोचवायला निघालाव एवढे जण? खांदेकरी तरी बदला, म्हंजी जरा लवकर पोचताल!"

हसावंसं सगळ्यांनाच वाटलं. कुणी हसलं नाही. मेंढरांना कुणाचं कोपर धरून सांगता येत नाही. ती गटात घुसली, ठेकेदारांच्या पायांतून निघाली, दादांच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली. त्या लोंढ्यात तानाजी कडेला सापडला. दोन मेंढ्यांनी त्याला ढुशी देत पुढं रेटलं, तो पडू नये म्हणून पळाला, आणि मेंढरं उजव्या हाताच्या काढणी झालेल्या रानात उतरून गेली तेव्हा त्यानं पाहिलं, की आपण रस्त्यावर आहोत आणि दादा आपल्या मागं आहेत. चांगले ट्रॉलीभर अंतर मागं.

"तान्या!" भागवतचा आवाज आला. "थांब बे!"

थांबणं सोपं होतं. नुसतं वाकून बुटाची नाडी धरायची. तानाजीला टेबलावरचा रोहिणीचा कागद दिसला, अगदी स्पष्ट दिसला. मग त्याला समोरचा रस्ता दिसला. रस्त्यावर कुणीच नव्हतं. आजवर त्याला शर्यतीत पुढच्या माणसाची पाठ सोडून काही दिसलं नव्हतं. त्यानं पाऊल लांब टाकलं.

पुढं त्याला फारसं आठवत नाही. वळणावर एक पोरगा हातात पाण्याचे पेले घेऊन उभा होता, तो "दादा कुठंत?" असं विचारत राहिला. फेरा घालून परत येताना मात्र सगळा गट समोरून आला. भागवत लाल, ठेकेदार गोंधळलेले, दादांची नजर थेट रानात. एवढी ओळखीची माणसं समोरून येताहेत म्हटल्यावर तानाजीचे हात सवयीनं जुळले. पळता पळता तो डावीकडं नमस्कार, उजवीकडं नमस्कार करत शे-सव्वाशे माणसांच्या मधून गेला. जन्मभराची सवय ती, पळताना तरी कशी सुटावी? पण हाच नमस्कार पुढं त्याच्या अंगाशी आला.

मांडवात हलगी तयार होती. दोन जणांनी लाल रिबीन धरली होती. माईकवर संस्थेचा सोमनाथ होता, त्यानं आठ दिवस पाठ केलेलं वाक्य लांबूनच सुरू केलं, "आणि प्रथम क्रमांकावर येत आहेत आपल्या सर्वांचे लाडके, आपल्या सर्वांचे..." मग माणूस जवळ आला आणि माईक शिट्टी घालून बंद पडला. रिबीनवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांनी एकाच वेळी हात वर केले. रिबीन डोक्यावर गेली आणि तानाजी तिच्या खालून निघून गेला. मग त्यांनी ती पुन्हा खाली घेतली, नीट ताणली आणि ते दादांची वाट बघू लागले.

दादा आले तेव्हा कार्यकर्त्यांचा दुसरा चहा झाला होता. रिबीन तुटली, फटाके वाजले, दादा पहिले आले. तानाजीनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यातली बाई मघाशीच आनंदानं काहीतरी सांगून चुकली होती. दादांनी पडद्याकडं पाहिलं, तानाजीकडं पाहिलं नाही.

भागवतनं त्याला मांडवाच्या मागं ओढलं.

"कुणी सांगितलं तुला? रामेश्वरबापूंनी?" रामेश्वरबापू म्हणजे दादांच्या विरोधातले उमेदवार.

"मेंढरं आली मदी."

"मेंढरं आली आन गेली. तू कावून गेलास?"

"पळावं वाटलं."

भागवत हसला. "तान्या, पंचेचाळीस वर्षाच्या माणसाला उगंच पळावं वाटत नस्तंय. खरं बोल. कुठून उभा ऱ्हायलास?"

तानाजीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा फार उशीर झाला होता. दुपारपर्यंत साऱ्या गावाला समजलं होतं, की तानाजी अपक्ष उभा राहतोय. त्याशिवाय का कुणी वाढदिवसादिवशी, सगळ्यांदेखत, दादांच्या पुढं जाईल? वर हात जोडून मतदारांना नमस्कार करत जाईल? हिंमत म्हणजे केवढी! काहींना तर महिन्याभरापासून संशय होता. दादा मुंबईला असताना तो रोज पहाटे एकटाच गावोगाव फिरत होता, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं.

संध्याकाळी सोमनाथ घरी आला. सकाळी माईक बंद पडलेला हाच. दार लोटून हळूच म्हणाला, "तानाजीराव, चिन्ह काय मागायलाव?"

तानाजीच्या आयुष्यातलं हे पहिलं 'राव'. तो म्हणाला, "अरे, मी कशाला उभा ऱ्हातोय? मी निस्ता पळालो."

"बरोबर हाय," सोमनाथ डोळा मिचकावत म्हणाला. "आत्ताच बोलू नका. आमी समजून गेलो."

रात्री जेवताना रामेश्वरबापूंचा फोन आला. त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि एखादा माणूस मधे मतं खाऊन गेला तर त्याचं आपल्याला वाईट वाटणार नाही, असं सांगितलं. रोहिणी समोर बसली होती. तिच्या ताटातली भाकरी तशीच होती.

"सही गेली," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर दादांची पोस्ट आली. मोबाईलमधल्या बाईनं नोंदवलेली वेळ, खाली ज्वाळांची चित्रं आणि वाक्य, 'पन्नाशी? ती फक्त आकड्यात!' पाच किलोमीटरची ती वेळ तानाजीच्या खिशात तयार झाली होती. खाली दोनशे जणांनी अंगठे दाखवले होते. तानाजीनं आपला मोबाईल काढला आणि त्यानंही अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून बोलावणं आलं. तो उभाच राहिला होता, पण दादांनी खुर्चीकडं हात केला. या बंगल्यात तो आजवर कधी खुर्चीवर बसला नव्हता. चहा आला, तोही बशीसकट.

"तानाजीराव," दादा म्हणाले, "आपण घरची माणसं. काय पाहिजे ते सरळ मागायचं. असं रस्त्यावर आणायचं नस्तं."

"दादा, देवाशपथ, मला काहीच नको. मी फक्त पळालो. मला बघायचं व्हतं, मी कितवा येतो."

दादांनी भागवतकडं पाहिलं. त्या नजरेत तानाजीविषयी आदर होता. "बघ," ते म्हणाले, "काहीच नको म्हणतोय. लई तयार झालाय गडी."

"आतल्या गाठीचा हाय, दादा," भागवत म्हणाला. "आपल्यालाच वळखू आला न्हाई."

दादांनी टेबलावरच्या गठ्ठ्यात हात घातला. रोहिणीचा प्रस्ताव सगळ्यांत खाली होता. सहा वर्षांत त्याच्यावर बरंच काही साठलं होतं. दादांनी तो ओढून काढला, धूळ झटकली आणि सही केली. सहीला एक श्वास लागला असेल.

"आता अर्ज भरायचा न्हाई."

"मी भरणारच नव्हतो."

"शब्द दिलात म्हणजे," दादा उठून उभे राहिले आणि त्यांनी तानाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

अशा रीतीनं, ज्या निवडणुकीला तो उभाच नव्हता तिच्यातून तानाजीनं सन्मानपूर्वक माघार घेतली. रोहिणीनं कागद दोनदा वाचला, देवाजवळ ठेवला, पुन्हा उचलून वाचला. गावात पेढे वाटले. भिवराबाईनं पेढा तोंडात टाकत विचारलं, "पळल्याचं देतेत का असं? मग बाप तुझा उगंच चालत मेला." रात्री दिवा मालवताना रोहिणीला आठवण झाली.

"अहो, पण खरं सांगा, नंबर कितवा आला?"

"माहीत न्हाई," तानाजी म्हणाला. "रिबीन वर उचलली त्यांनी. आन बाकीचे कुणी पळतच नव्हते."

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

सकाळी तो उठला. सही झाली होती, आता कुणाच्या मागं जायचं कारण नव्हतं. बूट घालून फाट्यावर आला. हवा गार होती, रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता. त्यानं पहिलं लांब पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि त्याला मागं आवाज ऐकू आला. चपलांचा आवाज.

सोमनाथ होता. त्याच्या मागं एक छोटा ठेकेदार, ज्याला दादांच्या ताफ्यात कधी जागा मिळाली नव्हती, आणि त्याच्याही मागं एक जण मोटारसायकलवर.

"तुमी कुठं निघालाव?" तानाजीनं विचारलं.

"तुमच्यासंगं, भाऊ. तब्येतीला चांगलं अस्तंय म्हणे."

"मग व्हा की पुढं."

"छे छे!" सोमनाथ दोन पावलं मागं सरकला. "तुमी असताना?"

तानाजी पुन्हा रस्त्याकडं वळला. त्यानं वेग वाढवला. बाभळी मागं जाऊ लागल्या, श्वास मोजणीत बसायला आला, आणखी थोडं पुढं गेलं की ते सगळं जुळणार होतं. मागच्या चपला लांब राहिल्या. मग लांबूनच हाक आली, धापांनी तुटलेली, "भाऊ... तुमचा... स्टॅमिना... तुमाला हाय... आमी गरिबांनी..."

त्या आवाजात जरा जास्तच धाप होती, हे तानाजीला ओळखू आलं. दोन वर्षं तोही हेच करत आला होता. तरीही त्याची मान किंचित ताठ झाली. त्यानं मागं वळून पाहिलं. तिघे लांब, लहान लहान दिसत होते. माणसानं आपल्या माणसांना इतकं मागं टाकू नये, असं त्याला वाटलं. त्यानं पाऊल आखडलं. मग आणखी आखडलं. शेवटी पुढं जाणं जवळपास थांबलं आणि तो उड्या मारू लागला.

सोमनाथ दोन पावलांवर येऊन स्थिरावला आणि त्याच तालात उड्या मारू लागला.

"भाऊ," तो म्हणाला, "मोबाईल आणा हिकडं. पळताना जड जातोय."

तानाजीनं खिशात हात घातला आणि मोबाईल त्याला दिला.